महाविद्यालयातील समुपदेशन कक्ष : नेमणूक, गोपनीयता आणि प्राध्यापकाच्या भूमिकेची मर्यादा

प्रस्तावना

उच्च शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन सेवा असावी की नसावी, हा प्रश्न आता चर्चेचा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. विक्रम नाथ व न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने दि. २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात निकाल दिला. मानसिक आरोग्य हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे त्यात नमूद करून न्यायालयाने सर्व शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. यासंबंधी योग्य कायदा अथवा नियम होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्याचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती नेमावी. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संलग्नता ठेवावी. सर्व शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. हेल्पलाईनचे क्रमांक वसतिगृहे, वर्ग व संकेतस्थळ येथे ठळकपणे लावावेत, अशा सूचना त्यांत आहेत. त्यापूर्वी दि. २४ मार्च २०२५ रोजी अमित कुमार प्रकरणात न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा व आत्महत्यांचा अभ्यास करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले होते.

एखादा आदेश आला की महाविद्यालयात समिती स्थापन होते, फलक लागतो आणि संचिका तयार होते, हा अनुभव प्राध्यापकांना नवा नाही. समुपदेशन कक्षाबाबतही असेच घडण्याचा संभव आहे. समुपदेशक नेमता येतो, खोली देता येते, खुर्च्या घेता येतात. परंतु विद्यार्थी त्या खोलीचे दार उघडून आत येईल याची हमी कोणत्याही नेमणूक पत्राने मिळत नाही. ती मिळते ती एकाच गोष्टीने, आत बोललेले बाहेर जाणार नाही या खात्रीने. ही खात्री समुपदेशकाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, भोवतालच्या प्राध्यापकवर्गाच्या वर्तनावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात समुपदेशन सेवेचा विचार प्रामुख्याने या दृष्टीने केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी १३,०४४, म्हणजे सुमारे ७.६ टक्के, विद्यार्थी होते. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात झाली. तो आकडा १,७६४ होता. ही आकडेवारी वाचताना दोन पथ्ये पाळावी लागतात. ‘विद्यार्थी’ या गटात शाळकरी मुलेही येतात, त्यामुळे हा सर्व आकडा महाविद्यालयांचा नव्हे. तसेच कारणांचे वर्गीकरण पोलीस नोंदींवर आधारलेले असते. एका मृत्यूला एक कारण ही पद्धत नोंदवहीसाठी सोयीची असली तरी माणसाचे दुःख अशा रकान्यात बसत नाही. सर्व वयोगटांचा एकत्रित विचार केल्यास त्याच वर्षी कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के व आजारपण १८.४ टक्के ही कारणे अग्रभागी होती. विद्यार्थ्याच्या संकटाचा अर्थ केवळ ‘परीक्षेचा ताण’ असा लावण्याची सवय सोडली पाहिजे, एवढा बोध यातून निश्चित घेता येतो.

आत्महत्या हे या प्रश्नाचे अंतिम टोक होय. समुपदेशन कक्षात येणाऱ्यांचे दुःख बहुधा याहून साधे आणि म्हणूनच दुर्लक्षित असते. बारावीपर्यंत मराठी माध्यमातून चांगले गुण मिळवलेल्या विद्यार्थिनीला विज्ञान शाखेच्या प्रथम वर्षात इंग्रजी व्याख्यान कळत नाही आणि ते कळत नाही हे सांगण्याचीही लाज वाटते. शिष्यवृत्तीची रक्कम वेळेवर जमा होत नाही आणि खानावळीचे पैसे थकतात. द्वितीय वर्षातच स्थळे पाहण्यास सुरुवात होते. दोन विषय राहिले हे घरी सांगितलेले नसते. प्रेमसंबंध तुटलेला असतो आणि त्याचे छायाचित्र कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असते. यांतील कोणतीही गोष्ट ‘आजार’ नव्हे. पण यांतील प्रत्येक गोष्ट झोप, भूक, एकाग्रता आणि जगण्याची इच्छा कुरतडू शकते.

दुसरीकडे, जे खरोखर आजार आहेत त्यांच्या सुरुवातीचेही हेच वय आहे. अमेरिकेतील रोनाल्ड केसलर व सहकाऱ्यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी सुमारे निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत व तीन चतुर्थांश चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे नैराश्य, तीव्र चिंता, उन्माद किंवा स्किझोफ्रेनिया यांची पहिली लक्षणे वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यातच दिसण्याची शक्यता मोठी असते. ती लक्षणे आळस, उद्धटपणा किंवा व्यसन समजली जातात आणि मधली दोन-तीन वर्षे निघून जातात. बंगळूर येथील निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांमध्ये उपचाराविना राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तथापि येथील चित्र फार वेगळे असेल असे मानण्यास आधार नाही.

मार्गदर्शनाकडून समुपदेशनाकडे

अनेक महाविद्यालयांत ‘मार्गदर्शन व समुपदेशन केंद्र’ या नावाचा कक्ष पूर्वीपासून आहे, पण तेथे प्रत्यक्षात स्पर्धा परीक्षांची व नोकरीच्या संधींची माहिती मिळते. याचे मूळ इतिहासात आहे. बोस्टन येथे फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले, तेव्हा तरुणाला त्याच्या कुवतीचे काम शोधून देणे हाच हेतू होता. मुंबईत १९४१ साली बाटलीबॉय व्यवसाय मार्गदर्शन केंद्र व १९४७ साली पारसी पंचायतीचे केंद्र निघाले, तेही याच धर्तीवर. मुदलियार आयोग (१९५२-५३) व कोठारी आयोग (१९६४-६६) यांनी मार्गदर्शनाला शिक्षणाचा अविभाज्य भाग मानले. मात्र व्यवहारात त्याचा अर्थ बव्हंशी अभ्यासक्रमाची व व्यवसायाची निवड एवढाच राहिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ताण व भावनिक समायोजन यांसाठी समुपदेशन व्यवस्था असावी असा स्वतंत्र उल्लेख आला आहे. मधल्या काळात कक्षाचे नाव तेच राहिले आणि अपेक्षा मात्र बदलली. त्यामुळे रोजगार मेळाव्याचे काम पाहणाऱ्या प्राध्यापकाकडेच मनाने खचलेल्या विद्यार्थ्याला पाठवले जाते, असा विचित्र प्रकार घडतो.

यास्तव तीन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. मार्गदर्शनात माहिती व पर्याय दिले जातात. समुपदेशनात प्रशिक्षित व्यक्ती ठरावीक वेळ व ठरावीक चौकट पाळून ऐकते आणि विद्यार्थ्याला स्वतःची अडचण स्वतः पाहण्यास व निर्णय घेण्यास साहाय्य करते. मानसोपचारात विकाराचे निदान व उपचार येतात. औषध देण्याचा अधिकार वैद्यकीय पदवी असलेल्या मानसोपचारतज्ज्ञालाच आहे, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी १९९२ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ या नावाला मात्र डॉक्टर किंवा वकिलाप्रमाणे एकच सनद अद्याप रूढ झालेली नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकविषयक अधिनियमात मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांचा समावेश झाला आहे. तथापि निवड करताना पदव्युत्तर पदवी, पर्यवेक्षणाखाली केलेले प्रत्यक्ष काम आणि तरुण वयोगटाचा अनुभव या तीन गोष्टी महाविद्यालयानेच तपासून घ्याव्यात. आठवड्याअखेरच्या शिबिराचे प्रमाणपत्र ही पात्रता नव्हे.

मराठी शब्दाचीही येथे थोडी अडचण आहे. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ दडलेला आहे आणि समुपदेशनात नेमका तोच वर्ज्य असतो! कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली मांडलेल्या विचारानुसार साहाय्य करणाऱ्याच्या ठायी समानुभूती, निरपेक्ष स्वीकार व सच्चेपणा असणे ही बदलाची गाभ्याची अट आहे. समोरच्याला चांगला सल्ला देणे ही अट त्यात नाही. प्राध्यापकाचा व्यवसाय सांगण्याचा आहे. ‘असे काही मनावर घ्यायचे नसते’, ‘आमच्या वेळी तर दिव्याखाली अभ्यास करावा लागे’, ‘आईवडिलांकडे बघ’ ही वाक्ये मायेपोटी येतात. परंतु ऐकणाऱ्याला आपले दुःख क्षुल्लक ठरवले गेले एवढेच जाणवते. तो ‘हो सर’ म्हणतो, उठून जातो आणि पुन्हा येत नाही.

गोपनीयता : सेवेचा पाया

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा दि. २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराविषयीची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क दिला आहे. कलमाचा शब्दशः रोख उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांकडे आहे. महाविद्यालयाने मात्र त्याचे तत्त्व संपूर्ण कक्षाला लागू मानावे. या तत्त्वाचा भंग दुष्टपणाने क्वचितच होतो. तो होतो तो चांगल्या हेतूने, आणि बहुधा चहाच्या वेळी. ‘ती अमुक वर्गातली मुलगी आहे ना, तिचे घरी फार वाईट चालले आहे, जरा सांभाळून घ्या’ हे वाक्य शिक्षककक्षात उच्चारले गेले की सायंकाळपर्यंत ते प्रयोगशाळा परिचरापर्यंत पोहोचलेले असते. दुसऱ्या दिवशी एखादा प्राध्यापक त्या विद्यार्थिनीशी नेहमीपेक्षा अधिक मृदू बोलतो आणि तिला सारे कळून चुकते. तिच्या मैत्रिणींपैकी कोणी पुढे त्या कक्षाकडे फिरकेल अशी अपेक्षा धरता येत नाही.

कक्षाची जागा ही या संदर्भात वाटते त्याहून महत्त्वाची बाब आहे. प्राचार्यांच्या दालनाशेजारी किंवा कार्यालयाच्या खिडकीसमोर कक्ष असेल, तर आत जाणारा प्रत्येक विद्यार्थी शुल्क भरण्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या पन्नास जणांना दिसतो. आपल्याकडे ‘येरवडा’ किंवा ‘ठाणे’ ही गावांची नावे मनोरुग्णालयांमुळे थट्टेचा विषय झाली आहेत. ज्या समाजात गावाचे नाव शिवीसारखे वापरले जाते, तेथे ‘मानसिक आरोग्य केंद्र’ अशा ठळक फलकाखालून आत जाणे सोपे नसते. ग्रंथालयाच्या किंवा आरोग्य तपासणी कक्षाच्या बाजूची खोली, जिच्याकडे अनेक कामांसाठी जाता येते, ती अधिक उपयुक्त ठरते. खोलीचा आवाज बाहेर जाऊ नये, दाराला काच असल्यास ती पारदर्शक नसावी आणि वेळ आधी ठरवता यावी, एवढ्या साध्या गोष्टींसाठी फारसा खर्च येत नाही.

याहून अवघड प्रश्न नोंदींचा आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या २०१७ पासूनच्या आराखड्यात मार्गदर्शक प्राध्यापक व विद्यार्थी यांच्या प्रमाणाची माहिती मागितली जात असल्याने ‘मेंटॉर-मेंटी’ नोंदवह्या सर्वत्र झाल्या. प्रत्येक प्राध्यापकाकडे वीस-पंचवीस विद्यार्थी, प्रत्येकाचे पान, पानावर ‘विद्यार्थ्याची समस्या’ व ‘केलेली उपाययोजना’ असे रकाने, शेवटी विद्यार्थ्याची स्वाक्षरी. ही वही विभागप्रमुख पाहतात, समन्वयक पाहतात आणि पुढे तपासणी समितीसमोर पुरावा म्हणून ठेवली जाते. अशा वहीत विद्यार्थी ‘बसची गैरसोय’ किंवा ‘इंग्रजी कठीण वाटते’ याखेरीज काही लिहून घेणार नाही, आणि त्याने लिहू नये हेच योग्य. मार्गदर्शक प्राध्यापकाची योजना उपयुक्त आहे. मात्र ती समुपदेशन नव्हे. तिच्या वहीत मानसिक अडचणीचा तपशील येता कामा नये. ‘योग्य ठिकाणी जाण्यास सुचवले’ एवढी नोंद पुरेशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने वार्षिक अहवाल मागितला आहे तोही नावे वगळलेल्या नोंदींवर आधारित. किती विद्यार्थ्यांना सेवा दिली, किती जणांना पुढे पाठवले, किती प्रशिक्षणे झाली हे आकडे पुराव्यास पुरतात. समुपदेशकाच्या टिपणांची किल्ली समुपदेशकाकडेच असावी. प्राचार्यांनीही ती मागू नये.

आणखी एक प्रथा येथे तपासून पाहिली पाहिजे. ज्या महाविद्यालयात मानसशास्त्र विभाग आहे तेथे त्याच विभागातील प्राध्यापकाची समुपदेशक म्हणून नेमणूक करण्याकडे कल असतो. खर्च वाचतो व विषयाचा जाणकारही मिळतो. परंतु तोच प्राध्यापक अंतर्गत मूल्यमापनाचे गुण देतो, उपस्थिती नोंदवतो, परीक्षेत पर्यवेक्षण करतो. सत्र पद्धतीत अंतर्गत गुणांचे वजन वाढल्यापासून या दुहेरी नात्याचा पेच अधिक तीव्र झाला आहे. आपल्या गुणांची सूत्रे ज्याच्या हाती आहेत त्याच्यासमोर विद्यार्थी आपल्या व्यसनाविषयी किंवा नापास होण्याच्या भीतीविषयी मोकळेपणाने बोलू शकत नाही. तसेच मानसशास्त्र शिकवणे व समुपदेशन करणे ही कौशल्ये भिन्न आहेत. मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने कक्षाचा समन्वयक व्हावे, व्याख्याने व प्रशिक्षणे आयोजित करावीत. बंद दाराआडचे काम मात्र मूल्यमापनाशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे असावे.

गोपनीयता निरपवाद नसते, हेही पहिल्याच भेटीत विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे. जिवाला धोका असेल, किंवा अन्य कोणाला इजा होण्याचा संभव असेल, तर आवश्यक तेवढी माहिती आवश्यक त्या व्यक्तीला देणे कायद्यालाही मान्य आहे. महाराष्ट्रात कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालय बहुधा एकाच आवारात असते. अकरावी-बारावीचे बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात. अशा विद्यार्थ्याने लैंगिक अत्याचाराची माहिती दिल्यास बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन आधी देऊन नंतर ते मोडण्यापेक्षा ही मर्यादा आरंभीच स्पष्ट करणे अधिक प्रामाणिक ठरते.

प्राध्यापकाने काय करावे, काय करू नये

समजा, द्वितीय वर्ष विज्ञान वर्गातील एक नियमित विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीनंतर अनियमित झाला. प्रात्यक्षिकाची वही अपुरी राहू लागली, मित्रांपासून तो दूर बसू लागला, एकदा वर्गातच झोपी गेला. समुपदेशकाला हा बदल दिसणार नाही. तो दिसतो रोज शिकवणाऱ्याला. म्हणून प्राध्यापक हा या सेवेचा पहिला दरवाजा आहे. त्याने काय करावे? विद्यार्थ्याला एकांतात, पण उघड्या जागी बोलवावे. जे दिसले तेच सांगावे : ‘गेले तीन आठवडे तुझे प्रात्यक्षिक राहते आहे, तू थकलेला दिसतोस. काही त्रास आहे का?’ यात आरोप नाही आणि निदानही नाही. मग थांबावे. शांततेची काही सेकंदे प्राध्यापकाला असह्य होतात, पण बहुधा त्यानंतरच विद्यार्थी बोलू लागतो.

बोलण्यात ‘आता नको वाटते’, ‘मी नसलो तर सगळ्यांना बरे होईल’ असे काही आल्यास विषय बदलण्याची स्वाभाविक इच्छा होते. आत्महत्येविषयी विचारले तर तो विचार त्याच्या मनात पेरला जाईल, हा समज रूढ आहे. संशोधनाने त्याला दुजोरा दिलेला नाही. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे थेट व शांतपणे विचारणे सुरक्षित असते, आणि अनेकदा त्याने मन हलके होते. उत्तर होकारार्थी आल्यास विद्यार्थ्याला एकटे सोडू नये. ‘आत्ताच माझ्याबरोबर चल’ म्हणून स्वतः समुपदेशकापर्यंत न्यावे. समुपदेशक उपलब्ध नसल्यास केंद्र शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी लावून द्यावा. दि. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा विनामूल्य असून अहोरात्र चालते व मराठीतही मिळते. धोका तातडीचा वाटल्यास जवळच्या रुग्णालयात नेणे हाच मार्ग होय. घरी कळवावे का, हा नाजूक प्रश्न आहे. जिवाला धोका असताना कुटुंबाला अंधारात ठेवता येत नाही. पण कोणाला कळवावे, वडिलांना, मोठ्या बहिणीला की मामाला, हे विद्यार्थ्यालाच विचारावे. कित्येकदा त्रासाचे मूळ घरातच असते.

पोलीस कारवाईच्या भीतीने असे प्रसंग दडपले जातात. ही भीती आता बव्हंशी निराधार आहे. २०१७ च्या अधिनियमातील कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. दि. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ ठेवलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली शिक्षापात्र राहिला आहे. संस्थेचे नाव खराब होईल ही दुसरी भीती कायद्याने दूर होणारी नाही. ती संस्थाचालकांना व प्राचार्यांना स्वतःच आवरावी लागेल.

प्राध्यापकाचे काम येथे संपते का? उपचार करण्याचे काम संपते, सोबतीचे नाही. विद्यार्थी समुपदेशकाकडे गेला की नाही, तेथे काय बोलला, हे विचारू नये. ‘कसा आहेस?’ एवढे मात्र जरूर विचारावे. मेंटॉरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर त्याच्या अनुपस्थितीची चौकशी करू नये. उपचारांमुळे उपस्थिती कमी पडल्यास तो वैद्यकीय कारणाचाच प्रश्न आहे. हिवतापाने आजारी पडलेल्याला जी सवलत मिळते तीच नैराश्याने आजारी पडलेल्याला मिळावी, आणि त्यासाठी आजाराचे नाव सूचनाफलकापर्यंत जाऊ नये.

समुपदेशनाने न सुटणारे प्रश्न

समुपदेशनाची एक मर्यादा स्पष्टपणे मांडली पाहिजे. ज्या दुःखाचे कारण व्यवस्थेत आहे त्याचा उपाय केवळ दुःखी व्यक्तीच्या मनात शोधणे हा अन्याय आहे. २००७ साली प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या भेदभावाच्या वागणुकीवर अहवाल दिला. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेविषयीचे नियम केले. तरीही २०१६ साली हैदराबादेत रोहित वेमुला व २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी यांचे मृत्यू झाले, आणि राधिका वेमुला व आबेदा तडवी या दोन मातांना २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. जातिवाचक टोमण्यांनी त्रस्त झालेल्या विद्यार्थ्याला श्वसनाचे व्यायाम शिकवून परत त्याच प्रयोगशाळेत पाठवणे म्हणजे समुपदेशन नव्हे. तेथे तक्रार निवारण यंत्रणा हलली पाहिजे. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या अधिनियमाखालील अंतर्गत समितीकडे, रॅगिंगची तक्रार २००९ च्या विनियमांखालील समितीकडे, आणि रखडलेल्या शिष्यवृत्तीचा प्रश्न कार्यालयाकडे गेला पाहिजे. समुपदेशकाने विद्यार्थ्याला तेथपर्यंत जाण्याचे बळ द्यावे. तक्रार मागे घेण्यासाठी त्याची समजूत काढण्याचे काम समुपदेशकाकडून करवून घेऊ नये. हे मोठ्या संस्थांतही घडू शकते, म्हणून त्याचा उल्लेख आवश्यक वाटतो.

लहान महाविद्यालयांसमोरील व्यावहारिक प्रश्न

तालुक्याच्या ठिकाणी पात्र समुपदेशक मिळत नाही, ही अडचण खरी आहे. तिच्यावर दोन मार्ग संभवतात. एकाच तालुक्यातील तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एका समुपदेशकाची नेमणूक करावी व वार वाटून घ्यावेत. यात आणखी एक लाभ असा की बाहेरून येणारी व्यक्ती महाविद्यालयाच्या अंतर्गत राजकारणापासून दूर राहते आणि विद्यार्थ्यांच्या नात्यागोत्यातलीही नसते. लहान गावात ही गोष्ट फार मोलाची आहे. दुसरा मार्ग जिल्हा रुग्णालयाचा. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातून १९९६ साली जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. त्याअंतर्गत जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मानसोपचार सेवा मिळते. महाविद्यालयाने त्या विभागाशी पत्रव्यवहार करून ठेवावा. कोणत्या वारी तज्ज्ञ उपलब्ध असतात, केसपेपर कोठे काढावा, बस कोणती, या गोष्टींची माहिती एका कागदावर लिहून प्रत्येक विभागात ठेवावी. ‘तज्ज्ञांकडे जा’ असे सांगणे आणि ‘मंगळवारी सकाळी नऊच्या बसने जा, दहा नंबरच्या खोलीत भेट’ असे सांगणे यांत विद्यार्थ्याच्या दृष्टीने फार अंतर आहे.

मानधन व कालावधी यांचाही विचार व्हावा. तासिका तत्त्वावरील अध्यापकाप्रमाणे समुपदेशकाची नेमणूक करून तासाला पैसे दिल्यास, विद्यार्थी न आलेल्या तासाचे काय, असा प्रश्न लेखापाल विचारणारच. या सेवेत रिकामी बसलेली वेळही सेवेचाच भाग असते. अग्निशामक बंब उभा असतो तेव्हा त्याचा हिशेब कोणी मागत नाही. म्हणून आठवड्यातील निश्चित दिवसांचे एकत्रित मानधन ठरवणे बरे. तसेच नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती, म्हणजे द्वितीय सत्राच्या अध्यापनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत, ठेवण्याची पद्धत सोडावी लागेल. परीक्षा त्यानंतर होते आणि निकाल सुट्टीत लागतो. त्या आठवड्यांत वर्ग बंद असतात, वसतिगृह रिकामे झालेले असते, मित्र गावी गेलेले असतात आणि गुणपत्रक मोबाईलवर एकट्याने पाहिले जाते. नेमणूक पत्रातील अंतिम दिनांक निकालानंतर किमान पंधरा दिवसांचा असावा, आणि त्या काळात समुपदेशक ज्या दूरध्वनीवर उपलब्ध असेल त्याचा क्रमांक परीक्षेच्या प्रवेशपत्रासोबतच विद्यार्थ्याच्या हाती द्यावा.